दिसत नाही, पण तापतं : विल्यम हर्शेल आणि दूरच्या बटुग्रहांची ऊब



सूर्यमाला शिकवताना मी फळ्यावर पाच बटुग्रहांची नावं लिहिते. सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस. नावापुढे प्रत्येकाचा व्यास किलोमीटरमध्ये. मुलं निमूटपणे वहीत उतरवून घेतात. पण एकदा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारलं, की बाई, एरिसवर अजून एकही यान गेलेलं नाही, मोठ्या दुर्बिणीतूनही तो नुसता ठिपका दिसतो, मग त्याची रुंदी मोजली कुणी आणि कशाने?

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा उत्तराचा धागा थेट सव्वादोनशे वर्षं मागे गेला. तो एका वाजंत्र्याच्या मुलापाशी पोहोचला. त्याचं नाव विल्यम हर्शेल. आपण त्यांना युरेनसचा शोध लावणारे म्हणून ओळखतो. पण माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या दुसऱ्या एका शोधात दडलेलं आहे. म्हणून आजचा पाठ त्यांच्या आयुष्यावर.

वाजंत्र्याच्या घरातला मुलगा

हर्शेल यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात झाला. वडील आयझॅक हे लष्करी बँडमध्ये ओबो नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवत. घरात पैसा बेताचा, मुलं बरीच. पण वडिलांना दोन गोष्टींची आवड होती. एक संगीत आणि दुसरी आकाश. रात्री मुलांना बाहेर नेऊन ते तारे दाखवायचे. विल्यमही लहान वयातच वडिलांच्या बँडमध्ये वाजवू लागला.

त्या काळी हॅनोव्हर आणि इंग्लंडचा राजा एकच होता. १७५७ साली फ्रेंच सैन्याशी झालेल्या लढाईत हॅनोव्हरच्या बाजूचा पराभव झाला. त्यानंतर एकोणीस वर्षांचा विल्यम भावाबरोबर इंग्लंडला निघून आला. परका देश, परकी भाषा, खिशात फारसं काही नाही. सुरुवातीला त्याने संगीताच्या नकला उतरवून देण्याचं काम केलं, मग शिकवण्या, मग कार्यक्रम. असं करत करत १७६६ मध्ये तो बाथ या शहरात एका चर्चचा ऑर्गनवादक झाला. दिवसभर शिष्य, संध्याकाळी मैफली. बऱ्यापैकी बस्तान बसलं होतं. इथेच गोष्ट संपली असती तरी कुणी त्याला अपयशी म्हटलं नसतं.

बहीण कॅरोलिन

इकडे हॅनोव्हरमध्ये त्याची धाकटी बहीण कॅरोलिन वाढत होती. दहाव्या वर्षी तिला टायफसचा आजार झाला आणि त्यानंतर तिची वाढच खुंटली. उंची चार फूट तीन इंचांवर थांबली. आईने ठरवून टाकलं होतं, की हिचं लग्न काही व्हायचं नाही, तेव्हा हिने घरकाम करावं. शिकवायचं कशाला? आपल्याकडेही हे वाक्य किती घरांत बोललं गेलं असेल, ते आपण सगळे जाणतोच.

१७७२ साली विल्यमने तिला बाथला आणलं. तिला गाणं शिकवलं, हिशोब शिकवला, इंग्रजी शिकवलं. पुढे भावाला आकाशाचं वेड लागलं तशी तीही त्यात ओढली गेली. भाऊ दुर्बिणीला डोळा लावून जे दिसेल ते मोठ्याने सांगायचा आणि ही वेळेसकट ते सगळं लिहून घ्यायची. कडाक्याच्या थंडीत, रात्र रात्र. दिवसा त्याच नोंदी स्वच्छ उतरवून त्यांची गणितं करायची. १७८६ ते १७९७ या काळात तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून राजाकडून तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू झाला. एका स्त्रीला विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळणं, ही तेव्हाच्या इंग्लंडमध्ये नवलाची गोष्ट होती. वर्गात हर्शेल शिकवताना कॅरोलिन यांचं नाव गाळू नका, एवढी विनंती.

आरसा घासणारा संगीतकार

हर्शेल यांनी १७७३ मध्ये खगोलशास्त्राचं एक पुस्तक विकत घेतलं. एक छोटी दुर्बीण भाड्याने आणली. ती अपुरी वाटली, म्हणून मोठीची किंमत विचारली. ती काही परवडणारी नव्हती. मग त्यांनी ठरवलं, आपणच बनवू.

त्या काळी दुर्बिणीचा आरसा काचेचा नसे. तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूची चकती ओतायची आणि ती घासून घासून अचूक अंतर्गोल करायची. घासताना हात थांबला तर आकार बिघडायचा. एकदा तर हर्शेल सलग सोळा तास घासत राहिले आणि कॅरोलिन त्यांना घास भरवत होती. एकदा ओतकामाच्या वेळी साचा फुटला, वितळलेला धातू फरशीवर पसरला आणि तापलेल्या फरशीचे दगड उडू लागले. सगळ्यांना पळता भुई थोडी झाली. राहत्या घराचा कारखाना झाला होता म्हणा ना!

१३ मार्च १७८१ च्या रात्री मिथुन राशीच्या भागात तारे तपासताना त्यांना एक वेगळा तारा दिसला. तारा कितीही मोठा करून पाहिला तरी ठिपकाच राहतो. हा मात्र पसरट, छोट्या तबकडीसारखा दिसत होता. आधी त्यांना तो धूमकेतू वाटला. पुढे इतरांनी कक्षेचं गणित केलं, तेव्हा कळलं की हा शनीपलीकडचा ग्रह आहे, शनीच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. हाच युरेनस. गंमत म्हणजे याच ग्रहाला आधी काही खगोलशास्त्रज्ञांनी पाहून तारा म्हणून नोंदवूनही ठेवलं होतं. त्यांना ठिपका दिसला, हर्शेलना तबकडी दिसली. फरक होता हाताने घासलेल्या आरशाचा आणि सवयीने तयार झालेल्या डोळ्याचा.

हा तबकडीचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे याच ठिकाणी ते अडखळणार आहेत.

या शोधाने आयुष्य बदललं. राजा तिसरा जॉर्ज याने १७८२ मध्ये त्यांना वर्षाला २०० पौंडांचं मानधन दिलं. संगीतातली कमाई यापेक्षा जास्त होती, तरी हर्शेलनी संगीत सोडलं. उरलेला खर्च दुर्बिणी बनवून, विकून भागवायचा. पुढे ते स्लाव या गावी राहायला गेले आणि तिथे राजाच्या पैशाने चाळीस फूट लांबीची प्रचंड दुर्बीण उभारली. तिचा आरसा १.२ मीटर रुंद, वजन जवळजवळ एक टन. १७८९ मध्ये त्यांनी शनीचे मायमस आणि एन्सेलॅडस हे दोन चंद्र शोधले. पण खरं पाहता हे अवाढव्य यंत्र वापरायला फार अवघड निघालं. आरसा काळवंडायचा, दुर्बीण वळवायला माणसं लागायची. त्यांचं बहुतेक काम लहान दुर्बिणींवरच झालं.

एकसष्टाव्या वर्षीचा प्रयोग

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. साल १८००. हर्शेल एकसष्ट वर्षांचे. नाव झालेलं, घरात मुलगा जॉन आठ वर्षांचा. आराम करायला हरकत नव्हती.

सूर्यावरचे डाग पाहण्यासाठी ते दुर्बिणीला वेगवेगळ्या रंगांच्या गडद काचा लावत. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की काही काचांमधून उजेड अगदी थोडा येतो पण डोळ्याला चटका बसतो. काहींतून उजेड भरपूर, पण ऊब कमी. मग त्यांना प्रश्न पडला, की सगळे रंग सारखीच उष्णता देतात का?

प्रश्न साधा, साधनंही साधी. खिडकीतून आलेलं ऊन लोलकातून जाऊ दिलं, टेबलावर सप्तरंगी पट्टा पडला. एका तापमापकाचा फुगा काळा केलेला होता. तो एकेका रंगात ठेवायचा आणि बाकीचे तापमापक शेजारी सावलीत, तुलनेसाठी. जांभळ्या रंगात पारा सुमारे २ अंश फॅरनहाइट चढला. हिरव्यात सव्वातीन. तांबड्यात जवळजवळ सात.

इथे आपण शिक्षकांनी एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. बऱ्याच ठिकाणी अशी गोष्ट सांगतात, की तुलनेसाठी बाजूला ठेवलेला तापमापक चुकून तांबड्याच्या पलीकडे होता, त्याचा पारा चढलेला दिसला आणि योगायोगाने शोध लागला. तसं झालं नाही. तुलनेचे तापमापक पट्ट्याच्या बाहेर होते, पण ते तापलेच नाहीत, म्हणूनच तर तुलना करता आली. हर्शेलनी आकड्यांकडे पाहिलं. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना उष्णता वाढतच चालली होती आणि तांबड्याशी पट्टा संपत होता. मग वाढणारी गोष्ट डोळ्याला दिसणाऱ्या हद्दीवरच का थांबावी? असा विचार करून त्यांनी तापमापक मुद्दाम तांबड्याच्या पलीकडे, जिथे टेबलावर काहीच दिसत नव्हतं, अशा अंधाऱ्या जागी ठेवला. पारा चढला. हे समजून उमजून टाकलेलं पाऊल होतं. मुलांना योगायोगाची गोष्ट सांगितली की ती हसतात आणि विसरतात. विचाराची गोष्ट सांगितली तर निदान दोघे-चौघे तरी तसा विचार करून पाहतात.

या न दिसणाऱ्या किरणांना आज आपण अवरक्त किरण म्हणतो. हर्शेलनी पुढे त्यांच्यावर ढीगभर प्रयोग केले. हे किरण आरशावरून परावर्तित होतात, भिंगातून वळतात, काही पदार्थांत शोषले जातात, हे तपासलं. त्यांनी फक्त सूर्याचंच ऊन घेतलं नाही. मेणबत्ती, शेगडी, तापलेलं लोखंड, इतकंच काय, लाल न झालेल्या गरम लोखंडाची धगही तपासली. ही धग आपल्या घरातही असते. चुलीवरून उतरवलेला तवा पाहा. दिसायला काळाच, पण हात जवळ नेला की कळतं. तो उजेड देत नाही, अवरक्त किरण देतो.

दुसऱ्याच वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीत रिटर या संशोधकाने जांभळ्याच्या पलीकडे शोध घेतला आणि अतिनील किरण सापडले. एकाने दाखवलेल्या वाटेने दुसरा चालला तो असा.

बटुग्रहापाशी झालेली चूक

१ जानेवारी १८०१ रोजी इटलीतल्या पालेर्मो इथे पियाझ्झी यांना मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत एक नवा पिंड सापडला. त्याचं नाव सेरेस. पुढच्या वर्षी ओल्बर्स यांना पॅलस सापडला. हर्शेल लगेच मोजायला बसले. युरेनसची तबकडी ज्यांनी ओळखली, ते सेरेसचीही मोजणारच.

१८०२ मध्ये त्यांनी सेरेसचा व्यास काढला सुमारे १६२ मैल, म्हणजे २६० किलोमीटर. त्याच सुमारास श्रोटर या जर्मन निरीक्षकाने काढलेला आकडा याच्या जवळजवळ दसपट होता! आज आपल्याला ठाऊक आहे, की सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे. दोघेही चुकले, एक खालच्या बाजूला आणि दुसरा वरच्या.

असं का झालं? सेरेस त्यांच्या दुर्बिणींसाठी फारच लहान होता. दिसत होता तो ठिपका, आणि ठिपक्याची कड हवेच्या हलण्याने, डोळ्याच्या भासाने कमीजास्त वाटते. हर्शेलनी या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पिंडांना ग्रह म्हणण्याऐवजी एक नवं नाव सुचवलं. त्यालाच आपण लघुग्रह म्हणतो. पुढे २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने बटुग्रह हा गट ठरवला आणि सेरेस त्यात गेला. म्हणजे हर्शेल नकळत एका बटुग्रहाचा अभ्यास करत होते.

आता हा योग पाहा. १८०० मध्ये उष्णतेचे किरण त्यांनी शोधले. १८०२ मध्ये सेरेस मोजताना ते चुकले. ज्या किल्लीने हे कुलूप उघडलं असतं ती त्यांच्याच खिशात होती. पण तापमापकाचा पारा इतक्या दूरच्या पिंडाच्या उबेने हलणं शक्यच नव्हतं. किल्ली होती, पण ती फिरवायला लागणारा नाजूक हात अजून जन्मायचा होता.

ठिपक्यावरून आकार कसा काढायचा?

आता त्या शेवटच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर. वर्गात सांगता येईल असं मांडते.

दूरचा बटुग्रह स्वतः उजेड देत नाही, तो सूर्याचा उजेड परत पाठवतो. तो आपल्याला किती तेजस्वी दिसेल हे दोन गोष्टींवर ठरतं. त्याचा आकार किती आणि त्याचा पृष्ठभाग किती पांढरा. अडचण अशी, की लहान पण बर्फासारखा पांढराशुभ्र पिंड आणि मोठा पण कोळशासारखा काळा पिंड, दोन्ही सारखेच तेजस्वी दिसू शकतात.

उदाहरण घेऊ. एका पिंडाचा व्यास १००० किलोमीटर आणि तो पडलेल्या उजेडातला ६४ टक्के परत पाठवतो. दुसऱ्याचा व्यास ४००० किलोमीटर आणि तो ४ टक्केच परत पाठवतो. दुसऱ्याचं क्षेत्रफळ सोळापट आहे, पण परत पाठवण्याची क्षमता सोळाव्या हिश्शाएवढी. हिशोब सारखा! दुर्बिणीतून दोघेही एकसारखे ठिपके.

पण परत न पाठवलेल्या उजेडाचं काय होतं? तो शोषला जातो, पिंड किंचित तापतो आणि तीच उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. मे महिन्याच्या उन्हात काळा शर्ट आणि पांढरा शर्ट घालून पाहा, कोणता जास्त तापतो ते मुलांना पाठच असतं. वरच्या उदाहरणात छोटा पांढरा पिंड ३६ टक्के उजेड शोषतो. मोठा काळा पिंड ९६ टक्के, आणि तोही सोळापट क्षेत्रफळावर. म्हणजे ढोबळमानाने मोठ्याची उष्णता छोट्याच्या चाळीसपटीहून जास्त. उजेडाने जे दोघे जुळे वाटत होते, त्यांना उष्णतेने लगेच वेगळं केलं.

बीजगणिताच्या भाषेत सांगायचं तर दोन अज्ञात राशी आहेत, आकार आणि पांढरेपणा. उजेड हे एक समीकरण, उष्णता हे दुसरं. दोन समीकरणं मिळाली की दोन्ही राशी सुटतात. एकसामयिक समीकरणं शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. १९७० मध्ये याच पद्धतीने व्हेस्टा या लघुग्रहाचा आकार काढला गेला. हर्शेल यांच्या प्रयोगाला तेव्हा १७० वर्षं झाली होती.

हर्शेल नावाची दुर्बीण

नेपच्यूनपलीकडच्या पिंडांचं काम याहून अवघड. तिथे तापमान असतं उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास. उणे २३० ला ऊब म्हणायचं तरी कसं? पण भौतिकशास्त्र सांगतं, की निरपेक्ष शून्यापेक्षा, म्हणजे उणे २७३ पेक्षा, जरा जरी वर तापमान असलं तरी वस्तू किरण बाहेर टाकते. वस्तू जितकी थंड तितकी त्या किरणांची लांबी जास्त. इतक्या थंड पिंडाचे किरण साधारण ७० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वांत जोरात असतात. दिसणाऱ्या तांबड्या उजेडाच्या शंभरपट लांब.

हे किरण जमिनीवर पोहोचतच नाहीत म्हटलं तरी चालेल, कारण हवेतली वाफ त्यांना गिळते. शिवाय दुर्बीण स्वतःच गरम असेल तर तिच्याच उष्णतेत ती दूरची धुगधुगी हरवून जाते. भर दुपारी उन्हात काजवा शोधण्यासारखं ते. म्हणून यंत्र अवकाशात न्यायचं आणि भरपूर थंड करायचं.

१४ मे २००९ रोजी युरोपीय अवकाश संस्थेने असं एक यान सोडलं. त्याच्या आरशाचा व्यास ३.५ मीटर. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर जागा. दोन हजार लिटरहून अधिक द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेली उपकरणं. या दुर्बिणीला नाव दिलं हर्शेल. तांबड्याच्या पलीकडे पहिल्यांदा तापमापक ठेवणाऱ्या माणसाचं नाव, तांबड्याच्या खूप पलीकडे पाहणाऱ्या दुर्बिणीला.

या दुर्बिणीने नेपच्यूनपलीकडच्या सुमारे १३० पिंडांची उष्णता मोजायचा कार्यक्रम हाती घेतला. सेडना या अतिदूरच्या पिंडाचं उदाहरण घ्या. शोध लागला तेव्हा त्याचा व्यास १८०० किलोमीटरपर्यंत असू शकेल असं सांगितलं जात होतं. हर्शेल दुर्बिणीने उष्णता मोजली आणि उत्तर आलं सुमारे १००० किलोमीटर. पिंड होता त्याहून लहान, पण वाटला त्याहून उजळ.

ही पद्धतही अचूक नाही, हे मुलांना सांगायला कचरू नका. एरिसचंच पाहा. २००६ मध्ये जमिनीवरच्या दुर्बिणीने त्याची उष्णता मोजून व्यास काढला सुमारे ३००० किलोमीटर. २०१० मध्ये एरिस एका ताऱ्याच्या आड गेला. तारा किती सेकंद लपला ते मोजून कळलं, की खरा व्यास २३२६ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे एरिस विलक्षण पांढरा आहे, पडलेला बहुतेक उजेड तो परतच पाठवतो. जो शोषतच नाही त्याची उष्णता मोजायची म्हणजे कमालीची नाजूक गोष्ट. म्हणून शास्त्रज्ञ एका पद्धतीवर विसंबून राहत नाहीत, दुसरीने पडताळतात.

आणि सेरेस? ज्या सेरेसपाशी हर्शेल चुकले, त्याच सेरेसकडे त्यांच्या नावाच्या दुर्बिणीने पाहिलं. जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झालं, की सेरेसवरून पाण्याची वाफ बाहेर पडते आहे, सेकंदाला सुमारे सहा किलो. हाही पुरावा अवरक्त किरणांतच सापडला. हेलियम संपल्यामुळे २९ एप्रिल २०१३ रोजीच ती दुर्बीण बंद झाली होती. काम थांबल्यावरही तिच्या नोंदींतून शोध लागत राहिले.

शेवटची वर्षं

हर्शेल माणूस म्हणून मोठे होते, पण सर्वज्ञ नव्हते. सूर्यावर वस्ती असेल असं त्यांना वाटे. उजेड आणि उष्णता हे दोन मूळचे वेगळे किरण आहेत असं त्यांनी शेवटी मानलं. पुढच्या पिढीने दाखवलं की दोन्ही एकाच जातीचे. असं असूनही त्यांचे प्रयोग आजही खरे आहेत, कारण जे मोजलं ते त्यांनी जसंच्या तसं लिहून ठेवलं. मत चुकलं तरी नोंद चुकली नाही.

ते इंग्लंडमधल्या नव्या खगोलशास्त्रीय संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. २५ ऑगस्ट १८२२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, स्लाव इथे त्यांचं निधन झालं. कॅरोलिन हॅनोव्हरला परतल्या. भावाने पाहिलेल्या सुमारे अडीच हजार तेजोमेघांची आणि तारकागुच्छांची यादी त्यांनी नव्याने लावून दिली. त्यासाठी १८२८ मध्ये त्यांना त्याच संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. १८४८ मध्ये, सत्त्याण्णव वर्षांच्या होऊन त्या गेल्या. घरकामापुरती म्हणून शिक्षणावाचून ठेवलेली ती मुलगी!

वर्गात करून पाहण्यासाठी

एक लोलक, एक पुठ्ठ्याचं खोकं आणि सारखे तीन तापमापक घ्या. फुग्यांना काळा रंग लावा. खोक्याच्या कडेला लोलक असा बसवा की आत सावलीत सप्तरंगी पट्टा पडेल. एक तापमापक निळ्यात, एक पिवळ्यात आणि एक तांबड्याच्या अगदी लगत बाहेर ठेवा. सुरुवातीचं तापमान लिहा, मग दर मिनिटाला एक नोंद. फरक एक-दोन अंशांचाच येईल, म्हणून घाई नको. सूर्याकडे आणि लोलकातून थेट कुणी पाहायचं नाही, हे आधी बजावा.

मोठ्या मुलांना आणखी एक प्रश्न द्या. लोलक तांबडी बाजू दाटीवाटीने पसरवतो आणि जांभळी बाजू ऐसपैस. मग हर्शेलना तांबड्याकडे जास्त उष्णता दिसली, त्यात लोलकाचा वाटा किती? याचं उत्तर लगेच सांगून टाकू नका.

घरी पालकांना करण्यासारखं म्हणजे टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. काही मोबाइलमध्ये पुढच्या कॅमेऱ्यातून एक फिकट दिवा लुकलुकताना दिसेल. डोळ्याला न दिसणारा तो अवरक्त किरण. आणि रात्री पोळ्या झाल्यावर मुलाला तव्यापासून वीतभर अंतरावर तळहात धरायला सांगा, तवा दिसायला थंड आहे की गरम ते विचारा.

आता बटुग्रहांचे व्यास फळ्यावर लिहिले, की मी प्रत्येकापुढे एक जास्तीचा रकाना आखते, कसं मोजलं? सेरेसपुढे यान, प्लूटोपुढेही यान, एरिसपुढे ताऱ्याची सावली. खाली सेडनाचं नाव लिहून त्याच्यापुढे लिहिते, उष्णता. त्या मुलाने तो प्रश्न विचारला नसता, तर माझ्या फळ्यावर हा रकाना कधी आलाच नसता.